शंका आली म्हणून अभिवचन रद्द होतं का?

या वेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतायत, देवाच्या अभिवचनांवर शंका न धरता विश्वास कसा ठेवायचा. काही पत्रं रागाने लिहिलीयेत, काही अगदी थकून. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडलीत, नावं मुद्दाम काढलीत आणि मजकूर थोडा कमी केलाय.

प्रश्न: ताई, सलाम. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की विश्वासाने मागावं, काही शंका धरू नये, शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो आणि अशा माणसाने प्रभूकडून काही मिळेल असं समजू नये. मी प्रार्थनेला बसते, सुरुवातीला मन भरून येतं आणि मग मध्येच विचार येतो की हे झालंच नाही तर? लगेच वाटतं, झालं, आली शंका, ही प्रार्थना वाया गेली. मग परत पहिल्यापासून सुरू करते. असं करून करून आता प्रार्थनेचीच भीती वाटायला लागलीये. शंका येऊच नये म्हणून काय करू?

उत्तर: सलाम. सगळ्यात आधी ते परत पहिल्यापासून सुरू करणं बंद करा. प्रार्थना म्हणजे काही ऑनलाइन फॉर्म नाही की मध्ये एक रकाना चुकला की सगळं पुसून नव्याने भरायचं.

आता याकोब. तुम्ही पहिल्या अध्यायातलं सहावं वचन, म्हणजे शंकेची ती ओळ, पाठ केलंय, पण पाचवं वाचा ना. संकटातून जाणाऱ्या लोकांना तो सांगतोय की शहाणपण कमी पडत असेल तर देवाकडे मागा, तो सगळ्यांना सढळ हाताने देतो आणि दोष लावत नाही. म्हणजे ज्या देवाला आपण एवढे घाबरून बसलोय तो मागणाऱ्याला दोष लावत नाही हे शंकेच्या वचनाच्या बरोब्बर आधी लिहिलंय, आणि आपण ते ओलांडून पुढच्या वचनावर जाऊन अडकतो. मग तो लाटेसारखा माणूस कोण? याकोब त्याला द्विबुद्धीचा म्हणतो, आणि चौथ्या अध्यायात परत अशाच लोकांना झापतो, तिथे विषय आहे जगाशीही मैत्री ठेवायची आणि देवाशीही. म्हणजे दोन डगरींवर हात. देवाकडे शहाणपण मागायचं खरं पण मिळालं तर त्याप्रमाणे वागायचं की नाही ते नंतर बघू, असा माणूस. तुमचं तसं आहे का? तुम्ही घाबरून का होईना पण त्याच्याचकडे येताय, दुसरीकडे कुठे जात नाहीये. मला नाही वाटत याकोब तुमच्याबद्दल बोलतोय.

शंका न धरण्याचं उदाहरण म्हणून प्रेषित पौल अब्राहामाचं नाव घेतो, ज्याला देवाने मुलाचं आणि देशाचं वचन दिलं होतं. रोमकरांस पत्र, चौथा अध्याय, अविश्वासाने तो डळमळला नाही, देव दिलेलं वचन पूर्ण करायला समर्थ आहे अशी त्याची पक्की खात्री होती. वाचून वाटतं काय माणूस असेल, कधी चलबिचल म्हणून नाही. मग उत्पत्ती, बायबलचं पहिलं पुस्तक, उघडा. हारान सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा होता, मुलगा इसहाक झाला तेव्हा 100. मधली 25 वर्षं काय काय झालं ते बघा. दुष्काळ पडला तर मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊन जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं. मग देवालाच म्हणाला, मला मूलबाळ नाही, माझा वारस हा माझा चाकर, दिमिष्कचा अलियेजर होणार. देवाने बाहेर नेऊन तारे दाखवले, त्याने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, पंधराव्या अध्यायातलं सहावं वचन, आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. आणि आठव्या वचनात, म्हणजे जेमतेम दोन वचनं पुढे, हाच माणूस विचारतो, हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू?

देव यावर रागावला असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने जनावरं आणायला लावली, ती दुभागली गेली, आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून गेली. त्या काळी करार करणारे असे तुकड्यांमधून चालायचे, अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझी हीच गत होवो. यिर्मयाच्या 34व्या अध्यायातही या पद्धतीचा उल्लेख आहे. पण इथे अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) त्यातून चालला असं लिहिलंच नाहीये. फक्त देव गेला. कशावरून समजू या प्रश्नाला देवाने दिलेलं उत्तर हे, स्वतःलाच बांधून घेतलं.

आणि एवढं होऊनही पुढच्याच अध्यायात हागारेचं प्रकरण आहे, वाट न बघता बायकोच्या दासीपासून मूल करून घेतलं, इश्माएल झाला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा. 99व्या वर्षी देवाने परत सांगितलं की बायकोला, सारेला, मुलगा होईल तर हा पालथा पडून हसला, आणि म्हणाला इश्माएलच जगू दे म्हणजे झालं. सारा हसली ते सगळ्यांना माहीत असतं, बिचारीचं नाव खराब झालंय, पण आधी हा हसलाय. विसाव्या अध्यायात तर अबीमलेख राजापुढे परत तीच जुनी थाप. पौलाने हे सगळं वाचलेलं होतं, आपल्यापेक्षा जास्त वेळा वाचलेलं होतं, तरी तो लिहितो की डळमळला नाही. कारण पौल त्या माणसाच्या मनात त्या त्या दिवशी काय काय येऊन गेलं ते मोजत नाहीये, त्याने शेवटपर्यंत कोणाला धरून ठेवलं ते सांगतोय. हसला, रडला, घाई केली, खोटं बोलला, पण दुसरा देव शोधायला गेला नाही.

अजून एक प्रसंग सांगते, तुमच्यासाठीच आहे असं समजा. प्रेषितांची कृत्ये 12. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करतेय, देवदूत त्याला सोडवतो आणि तो थेट त्यांच्या दाराशी येऊन उभा राहतो. रुदा नावाची मुलगी आत पळत जाऊन सांगते की पेत्र आलाय. तर प्रार्थना करणारे लोक तिला म्हणतात, तुला वेड लागलंय! ज्याच्यासाठी मागत होते तो दारात उभा आहे आणि यांचा विश्वासच बसत नाहीये. त्यांची प्रार्थना वाया गेली? पेत्र तर बाहेर उभा राहून दार वाजवतोय.

म्हणून तो विचार मध्ये आला की प्रार्थना थांबवू नका, तोच विचार प्रार्थनेत घाला. प्रभू, हे झालं नाही तर काय याची मला भीती वाटतेय, असं स्पष्ट बोला. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येत होते, तो एका दमात म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला आधी घरी जा, शंका मिटव आणि मग ये असं नाही सांगितलं. मुलगा बरा झाला.

प्रश्न: मग योहानाच्या बापाला, जखऱ्याला, शिक्षा का झाली? म्हातारपणी मुलगा होईल असं देवदूताने सांगितलं तेव्हा त्याने पण फक्त प्रश्नच विचारला होता. येशूची आई मरीयेनेही विचारला. तिला काही नाही आणि तो मुका.

उत्तर: प्रश्न एकदम वाजवी आहे आणि मी याचं फार गुळगुळीत उत्तर देणार नाही. नेहमी सांगितलं जातं ते असं की मरीयेने हे कसं होईल असं विचारलं, म्हणजे होणार हे धरून चालली, आणि जखऱ्याने हे कशावरून समजू असं विचारलं, म्हणजे पुरावा मागितला. ते खरंय. शिवाय तो याजक होता, वय झालेलं, मंदिरात धूप जाळायला आत गेलेला, समोर गब्रीएल देवदूत उभा आणि तुझी प्रार्थना ऐकली गेलीय असं सांगतोय, म्हणजे ज्या गोष्टीसाठी स्वतः प्रार्थना केली तिच्यावरच हा अडला. पण मग अब्राहामानेही हुबेहूब कशावरून समजू असंच विचारलं होतं, आणि गिदोनाने तर देवाकडे खूण मागत लोकर दोनदा ठेवली, एकदा ओली आणि एकदा कोरडी, त्यांना काही झालं नाही. तेव्हा देव कोणाला कधी कसं वळण लावेल याचा नियम मांडायला जाऊ नये असं माझं मत आहे.

पण दोन गोष्टी बघा. एक, त्याला खूण हवी होती आणि मुकेपण हीच त्याला मिळालेली खूण ठरली. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, अभिवचन रद्द झालं नाही. योहान वेळेवर जन्माला आला. देव असंही म्हणू शकला असता की नाही ना विश्वास, मग राहू दे. तसं नाही झालं.

आणि गंमत अशी की हाच योहान मोठा झाल्यावर हेरोदाच्या तुरुंगातून शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, जो येणार होता तो तूच का, का आम्ही दुसऱ्याची वाट बघू? ज्याने स्वतः येशूचा बाप्तिस्मा केला तो हे विचारतोय! येशूने काय केलं, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत, जे बघताय ते जाऊन त्याला सांगा म्हणाला. आणि ते शिष्य निघून गेल्यावर लोकांना सांगितलं की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झालेला नाही. शंका विचारल्याच्या अगदी त्याच दिवशी हे सर्टिफिकेट.

प्रश्न: ताई, माझं वचन यिर्मया 29:11 आहे, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. फोनच्या वॉलपेपरवर तेच, स्टेटसला तेच. प्रत्येक इंटरव्ह्यूला जाताना हे वचन क्लेम करून गेलो, मनात जराही शंका येऊ दिली नाही, खरंच सांगतो. तरी प्रत्येक ठिकाणी रिजेक्ट. आता वचनावर विश्वास ठेवायचा की नाही तेच कळत नाहीये.

उत्तर: तू रागावलायस ते पत्रात दिसतंय, आणि राग देवासमोर आणलास हे चांगलं केलंस. पण मला वाटतं तुझं भांडण त्या वचनाशी नाहीये, त्याच्यावर जे चिकटवलं गेलंय त्याच्याशी आहे.

29वा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमहून यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलेलं. तिथल्या राजाने, नबुखद्नेस्सराने, इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या राजाला, कारागिरांना, बऱ्याच लोकांना उचलून नेलं होतं, त्या लोकांना हे पत्र. आणि 28वा अध्याय वाचल्याशिवाय 29वा कळतच नाही. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, एकदम पॉझिटिव्ह माणूस, मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून देवाच्या नावाने सांगतोय की दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, मग राजा परत, मंदिराची भांडी परत, सगळे परत. लोकांना काय आवडलं असेल सांग. यिर्मया पण म्हणाला, आमेन, परमेश्वर तसंच करो! म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण देवाने ते सांगितलेलं नव्हतं. हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून घातलेलं, जू काढून मोडलं, आणि देवाने सांगितलं की या माणसाने लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंय. त्याच वर्षी हनन्या मेला.

मग पत्रात काय आहे? घरं बांधा, त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि तुझ्या वॉलपेपरच्या एक वचन आधी, दहाव्यात, 70 वर्षं. दोन नाही. 70. म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बरेच मोठे लोक परत जाणं बघायला जिवंत राहणार नव्हते, आणि त्यांनाच देव म्हणतोय की माझे संकल्प हिताचे आहेत. हे वचन गोड आहे ते यामुळे. फजिती झाली, देश गेला, प्लॅन कोसळले तरी देवाने पाठ फिरवलेली नाही, हे त्यात सांगितलंय. पुढच्या इंटरव्ह्यूला सिलेक्शन होईल हे त्यात नाही. कोणी तुला तसं शिकवलं असेल तर त्याने हनन्याचं वचन यिर्मयाच्या नावावर खपवलं.

तुझ्यावर टीका म्हणून नाही सांगत. शंका येऊ न देण्यासाठी तू जिवाचा आटापिटा केलास, पण जे देवाने बोललंच नाही त्याच्यावर शंका न घेणं हा विश्वास होत नाही रे, कितीही मनापासून असला तरी.

आता ते वचन टाकून देऊ का असं विचारशील. अजिबात नको. बाबेललाच नेलेल्या दानीएलाने काय केलं बघ, नवव्या अध्यायात. म्हातारा झाला होता, यिर्मयाच्या लिखाणात 70 वर्षं वाचली आणि बसून राहिला नाही की आता होईलच आपोआप. उपास केला, गोणपाट नेसला, आपल्या लोकांची पापं कबूल केली आणि देवाला म्हणाला, उशीर लावू नकोस. अभिवचन वाचून त्याची प्रार्थना वाढली. आणि इ.स.पू. 538 च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याचा हुकूम निघाला, लोक परतायला लागले. तू अर्ज करत राहा, जिथे कमी पडतोयस असं समोरच्यांनी सांगितलं असेल ते शिकून घे, आणि नोकरी माग, सरळ शब्दांत माग, मागायला कोणी मना केलेलं नाही. फक्त प्रत्येक रिजेक्शनला देव खोटा ठरला असं धरू नकोस, कारण त्या तारखेचा शब्द त्याने दिलेलाच नव्हता.

प्रश्न: आमच्या ओळखीतले एक प्रचारक म्हणतात की बरं होण्याचं अभिवचन मिळालंय तर गोळ्या चालू ठेवणं म्हणजेच अविश्वास. माझ्या नवऱ्याने बीपीच्या गोळ्या बंद करायच्या ठरवल्यात. मी विरोध केला तर माझ्यामुळे त्याचा विश्वास डळमळतो असं म्हणतो.

उत्तर: गोळ्या बंद करू देऊ नका. हे आधी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही, आणि आधीच बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांकडे घेऊन जा. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवत नाही, माणसाला बरं वाटतंय म्हणजे बरा झालाय असं नसतं.

आता शास्त्रातून हवं असेल तर त्यांना 2 राजे 20 वाचायला द्या. हिज्कीया राजा मरायला टेकलाय, देव यशया संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो की मी तुला बरं करीन, तिसऱ्या दिवशी तू मंदिरात जाशील, अजून 15 वर्षं आयुष्य देतो. याहून पक्कं अभिवचन कोणाला मिळालं असेल? आणि त्याच्या पुढच्याच वचनात यशया सांगतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. अभिवचन पण आणि लेप पण, एकाच संदेष्ट्याकडून, एकाच भेटीत. हिज्कीया म्हणाला नाही की लेप लावला तर माझा अविश्वास दिसेल. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, तुझा विश्वास वाढव असं नाही लिहिलं. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. आणि लूक, प्रिय वैद्य, त्याच्या बरोबरचाच.

अजून एक गोष्ट त्या प्रचारकांना पण सांगा हवं तर. मंदिराच्या टोकावर उभं करून सैतानाने येशूला काय सांगितलं? खाली उडी टाक, कारण लिहिलंय की देवदूत तुला हातांवर झेलतील. 91वं स्तोत्र आहे ते, खरं वचन, देवाचंच. आणि येशूने उत्तर दिलं की परमेश्वराची परीक्षा पाहू नको असंही लिहिलंय. उडी मारली नाही म्हणून त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का?

नवऱ्याशी भांडत बसू नका, दोघं मिळून प्रार्थना करा आणि प्रार्थना झाल्यावर गोळी आणि पाण्याचा ग्लास हातात द्या.

प्रश्न: आई गेली. कॅन्सर होता. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, मी मार्क 11:24 धरून बसले होते, जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. अंत्यविधीनंतर मंडळीतल्या एक ताई जवळ येऊन म्हणाल्या की कुठेतरी कोणाचा तरी विश्वास कमी पडला. तेव्हापासून मी उपासनेला गेलेली नाही. तो कमी पडलेला विश्वास माझाच होता का?

उत्तर: नाही.

तुम्ही एवढंच वाचून थांबलात तरी चालेल, बाकीचं नंतर कधीतरी वाचा.

त्या ताईंनी जे केलं ते, मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी केलं होतं. खरं तर मित्र त्यांच्यापेक्षा बरे, ते निदान सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. मग बोलायला लागले आणि पानंच्या पानं एकच गोष्ट, तुझ्यातच काहीतरी खोट असणार. 42व्या अध्यायात देव एलीफजाला सांगतो की माझा कोप तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर भडकलाय, कारण माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी किती कडक बोलला होता, कोर्टात खेचायची भाषा केली होती. तरी देवाच्या लेखी बरोबर तो बोलला.

मार्क 11 बद्दल. ते वचन मी पातळ करून सांगणार नाही, येशूने ते म्हटलंय आणि मोठं मागायला, बेधडक मागायला सांगितलंय. पण ज्याने ते म्हटलं तोच थोड्या दिवसांनी गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून प्रार्थना करतोय, अब्बा, बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मार्कनेच ते 14व्या अध्यायात लिहिलंय. प्याला, म्हणजे समोरचं मरण, दूर झाला नाही. येशूचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत कोणी करणार आहे का? पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं.

इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय आपण विश्वासवीरांचा अध्याय म्हणून अर्धाच वाचतो. 34व्या वचनात आहे की विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून निभावले. 37व्यात आहे की काही तलवारीने मारले गेले. एकाच यादीत, एकाच विश्वासाने, एकच तलवार. आणि 39व्यात, या सगळ्यांबद्दल विश्वासामुळे साक्ष मिळाली तरी वचनाप्रमाणे त्यांना मिळालं नाही. जे वाचले त्यांचा विश्वास जास्त आणि मेले त्यांचा कमी असं लेखक म्हणत नाही.

आणि समजा कोणी नासरेथचं काढलं, की तिथे अविश्वासामुळे येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत. नासरेथच्या लोकांनी येशूलाच झिडकारलं होतं, हा सुतारच ना म्हणून. तुम्ही आईच्या उशाशी बसून त्याला हाका मारत होतात. या दोन गोष्टी एका ओळीत बसवणं हा अन्याय आहे, मला यावर अजून सौम्य शब्द सापडत नाहीये.

मग अभिवचन काय होतं? प्रत्येक आजारी माणूस या आयुष्यात बरा होईल असा शब्द देवाने दिलेला नाही. मेलेल्या लाजराला येशूने उठवलं, तोसुद्धा पुढे कधीतरी परत मेलाच असणार. दिलेला शब्द हा आहे की मीच पुनरुत्थान व जीवन आहे, माझ्यावर विश्वास ठेवणारा मेला असला तरी जगेल. हे येशूने लाजराच्या बहिणीला, मार्थेला, सांगितलं, आणि कधी सांगितलं ते बघा, ती आधी म्हणाली होती की प्रभूजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती. त्याने तिला गप्प केलं नाही. आणि दुसरी बहीण मरीयेला रडताना बघून, थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे माहीत असूनसुद्धा, तो रडला.

उपासनेला लगेच जा असं मी म्हणणार नाही. पण एकटीने राहू नका, ज्या एक-दोघींजवळ रडता येतं त्यांना घरी बोलवा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर 13वं स्तोत्र मोठ्याने वाचा, कुठवर, हे परमेश्वरा, असं सुरू होतं. आणि 88वं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलंय. अशा दिवसांसाठीच असावं.

प्रश्न: रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आजचं अभिवचन येतं, कोणतं आपल्यासाठी आणि कोणतं त्या काळच्या माणसासाठी हे साध्या माणसाने कसं ओळखायचं?

उत्तर: फॉरवर्ड करायच्या आधी तो अख्खा अध्याय वाचायचा, निम्मं काम तिथेच होतं. कोण बोलतंय, कोणाला, काही अट आहे का, ते आपोआप कळतं. 15 वर्षं जास्त मिळतील हे हिज्कीयाला सांगितलं, मला नाही. शंभराव्या वर्षी मूल होईल हे अब्राहामाला. पण मोशेनंतरच्या पुढाऱ्याला, यहोशवाला, सांगितलेलं मी तुला सोडणार नाही, तुला टाकणार नाही, हे इब्री 13 मध्ये नव्या करारातल्या साध्या विश्वासणाऱ्यांना लावलंय, आणि तेही पैशाची हाव धरू नका म्हणताना, म्हणजे महिन्याच्या हिशोबाला बसल्यावर आठवायचं वचन आहे ते. अशी उघड उघड सगळ्यांसाठी दिलेली पुष्कळ आहेत. पाप कबूल केलं तर क्षमा, 1 योहान 1:9. माझ्याकडे येईल त्याला मी घालवून देणार नाही, योहान 6:37. कोणतीही गोष्ट देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, रोमकरांस 8. आणि जगात तुम्हाला क्लेश आहेत, योहान 16:33, हाही येशूचाच शब्द आहे बरं का, फक्त तो फुलांच्या फोटोवर लिहून कोणी पाठवत नाही. त्याच वचनात पुढे धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे असंही आहे, तेव्हा उद्या सकाळी ग्रुपवर पाठवायचं असेल तर ते पूर्ण पाठवा.